सागवानी दार, प्लायचं कपाट आणि पावसातला बाक: परवडणारे स्क्रू कुठले?

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. घरात तीन कामं काढलीत. पहिलं, १९ मिमी प्लायचं कपाट. दुसरं, खानापूरकडचं आजोळचं घर उतरवलं, त्यातलं सागवानी दार इथं बेळगावात, अनगोळच्या घरातल्या नव्या चौकटीला बसवायचंय. तिसरं, अंगणातला बाक. त्याच घराचे ऐनाचे वासे चिरून त्याच्या फळ्या काढल्यात आणि तो पावसाळाभर उघड्यावरच राहणार.

दुकानात काळे स्क्रू किलोवर, पिवळे डब्यात आणि एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, वेगळे दाखवले. काळ्याच्या आणि एसएसच्या दरात कितीतरी पटींचा फरक आहे. मिस्त्री म्हणतात, "काळे आणा, सगळीकडं चालतात." मला पैसे घालायला हरकत नाही, पण गरज नाही तिथं कशाला घालायचे? आणि गरज आहे तिथं वाचवायचेही नाहीत. कुठं कुठला आणि किती नंबरचा, म्हणजे किती जाडीचा, घ्यावा, जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर:
मिस्त्रींचं बरोबर आहे की. आमच्या घरातलं सगळं फर्निचर काळ्या स्क्रूवर उभं आहे, बरीच वर्षं झाली. कुठल्याही दुकानात मिळतात, ड्रिलनं सरळ आत जातात, आधी भोकही पाडावं लागत नाही. खर्च वाढवू नका.

सुतारमेट:
निपाणीकर दादा, तुमचं फर्निचर प्लायचं असणार आणि घरात कोरड्यात असणार, म्हणून टिकलंय. अनगोळकरांच्या तीन कामांपैकी दोन कामं वेगळी आहेत.

काळा स्क्रू मुळात छताला आणि पार्टिशनला लावतात त्या जिप्सम बोर्डासाठी काढलेला आहे. बोर्ड सांगाड्यावर भराभर बसवता यावा म्हणून तो कडक करतात. टोक अणकुचीदार, मान बारीक, आणि डोकं तुतारीच्या तोंडासारखं पसरत गेलेलं, म्हणजे बोर्डाचा कागद फाटत नाही. काळा रंग फॉस्फेटचा असतो, तो गंज फारसा रोखत नाही. या सगळ्यात लाकडाचा विचार दुय्यम. बारीक आट्यांचा पत्र्याच्या सांगाड्याला आणि मोठ्या आट्यांचा लाकडी सांगाड्याला, एवढाच काय तो फरक.

अडचण आहे ती कडकपणाची. असा स्क्रू आडवा जोर आला की वाकत नाही, तुटतो. दाराच्या बिजागरीवरचा जोर आडवाच असतो. दार दिवसातून पन्नास वेळा उघडणार-मिटणार, वाऱ्यानं आपटणार, पोरं त्याला लोंबकळणार. बिजागरीला काळा स्क्रू कुणीही सांगितला तरी लावू नका.

दाराबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरं काम तिथं आहे. चार इंची बिजागरी असेल तर तिच्या भोकात ८ किंवा १० नंबर बसतो. दुकानात जाताना बिजागरी खिशात घेऊन जा आणि स्क्रू भोकात घालून बघा. डोकं खोलगट भागात पूर्ण बुडालं पाहिजे. वर राहिलं तर दार मिटताना अडतं, आणि मग लोक चौकट तासत बसतात. लांबी ३८ मिमी घ्या, चौकट जाड असेल तर ५० मिमी. बिजागरी पितळी असेल तर स्क्रूही पितळी, लोखंडी असेल तर लोखंडी, एसएस असेल तर एसएस. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना लागले की त्यातला एक लवकर खाल्ला जातो. पितळी बिजागरीतला लोखंडी स्क्रू आपल्या पावसाळ्यात आधी जातो.

आता भोक. जुनं सागवान चांगलं वाळलेलं आणि घट्ट असतं, त्यात सिलिका असते म्हणून हत्यारांची धारही लवकर जाते. ८ नंबरला ३ मिमीचं भोक पाडा, १० नंबरला ३.५ मिमीचं. मऊ लाकडात अर्धा मिमी कमी चालतं. हाताशी ड्रिल नसेल तर गिरमिट आहेच. वरच्या तुकड्यातलं भोक मात्र स्क्रूच्या मानेएवढं मोकळं हवं, नाहीतर आटे दोन्ही तुकड्यांत अडकतात आणि मधली फट मिटतच नाही. पुष्कळ ठिकाणी जोड सैल दिसतो त्याचं कारण हेच. लोक म्हणतात स्क्रू खराब. स्क्रू चांगला असतो, वरचं भोक बारीक असतं.

पितळी स्क्रू मऊ असतो. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढायचा, आटे पाडून घ्यायचे, मग पितळी स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावून हातानं बसवायचा. ड्रिलनं पितळी स्क्रू बसवला की डोक्याची खाच जाते नाहीतर मान तुटते, आणि तुटलेला तुकडा सागवानातून काढणं म्हणजे लाकडाची नासाडी.

आणि एक कळकळीचं. मिस्त्री स्क्रू हातोडीनं ठोकून शेवटचे दोन आटे फिरवायला लागला तर त्याला तिथंच थांबवा. ठोकलेल्या स्क्रूनं लाकडाचे तंतू फाटतात, आटे कशालाच धरत नाहीत. असला स्क्रू खिळ्यापेक्षा वाईट, कारण खिळ्याला निदान गुळगुळीत अंग तरी असतं. कितीही महागाचा डबा आणा, ठोकला की पैसे वाया.

निपाणीकर:
हे पटलं. बिजागरीचा विचार केला नव्हता. पण कपाटाला काळे चालतील की नाही?

सुतारमेट:
आतल्या, भार नसलेल्या जागेला चालतील. मागचा ६ मिमी प्लाय, आतल्या पट्ट्या वगैरे. पण कपाटाच्या बाजू आणि फळ्यांच्या जोडाला चिपबोर्ड स्क्रूच घ्या, म्हणजे प्लाय आणि बोर्डासाठीचा, वर झिंकचा (जस्ताचा) पिवळा किंवा पांढरा थर असलेला. काळ्याचा आणि त्याचा दरातला फरक एका कपाटामागं कळणारही नाही.

हार्डवेअर_चिकोडी:
सुतारमेट अण्णांनी कामाचं सांगितलं, मी दुकानाच्या बाजूनं सांगतो. काउंटरवर निम्मा गोंधळ मापाचा असतो.

डब्यावर ८×५० लिहिलेलं असेल तर ८ हा नंबर, म्हणजे जाडी, आणि ५० ही मिमीतली लांबी. नंबर वाढला की जाडी वाढते. ६ नंबर म्हणजे साधारण ३.५ मिमी, ७ नंबर ३.९, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८. काही कंपन्या थेट ४×५० लिहितात, तिथं ४ म्हणजे मिमी, ८ नंबरच्या जवळपास. जुने मिस्त्री लांबी इंच-सुतात सांगतात. एका इंचाचे आठ सूत धरा, म्हणजे "दीड इंच" म्हटलं की ३८ मिमी. हे माहीत असलं की दुकानदार काढून देईल तेच घेऊन यावं लागत नाही.

किलोवर घ्यावं की डब्यात? फक्त किलोचा दर बघून फसगत होते. १०० ग्रॅम तोलायला सांगा आणि मोजा. एका स्क्रूची किंमत तिथंच कळते. दुसरं, किलोच्या ढिगात मापं मिसळलेली असतात, टोक मोडलेले, खाच उथळ असलेले निघतात. ते बाजूला काढले की दर वर जातो. डब्यात नग ठरलेले असतात, पण डबा शंभराचा, दोनशेचा, पाचशेचा, हजाराचा असतो. तुमच्या कामाला ऐंशी लागणार असतील तर हजाराचा डबा कितीही स्वस्त पडला तरी नऊशे घरी गंजत पडतील. स्क्रूवर जीएसटी १८ टक्के आहे, तेव्हा दर विचारताना करासकट विचारा, नाहीतर दोन दुकानांची तुलना चुकीची होते.

आता एसएस. सगळं एसएस एक नसतं. घरगुती कामाला बाजारात जास्त दिसतात ते २०२ आणि ३०४ ग्रेडचे, आणि काही ४१० चे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं, म्हणून स्वस्त, आणि गंजाला कच्चं. ४१० कडक करता येतं, म्हणून टोकानं भोक पाडणाऱ्या स्क्रूला वापरतात, पण गंजाच्या बाबतीत ३०४ च्या मागं. चुंबक लावून बघण्याचा सल्ला सगळे देतात. ४१० ला चुंबक जोरात चिकटतो, तो ओळखू येतो. पण २०२ आणि ३०४ मधला फरक चुंबकानं कळत नाही, दोन्हीला जवळपास लागतच नाही, आणि स्क्रू बनवताना धातू दाबला गेल्यानं चांगल्या ३०४ लाही किंचित लागू शकतो. म्हणून डब्यावर ग्रेड लिहिलेला घ्या आणि पक्कं बिल घ्या.

पितळीला मात्र चुंबक शंभर टक्के उपयोगी. पितळेचं पाणी दिलेले लोखंडी स्क्रू "पितळी" म्हणून येतात. चुंबक चिकटला की ठेवून द्या.

जांबोटीचा:
बाकाबद्दल मी बोलतो. आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड वाळतच नाही. तुमच्या अनगोळात पाऊस कमी, तरी बाक उघड्यावर म्हणजे स्क्रूची खरी परीक्षा.

ऐनाच्या लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असतं. ओलं लाकूड आणि लोखंड एकत्र आलं की प्रत्येक स्क्रूभोवती काळा-निळा डाग पसरतो. तो पॉलिशखालूनही दिसतो आणि नुसता पुसून जात नाही. बाभळीचंही तसंच. पिवळा झिंकवाला स्क्रूही इथं पुरत नाही. झिंकचा थर काही मायक्रॉनचा असतो, स्क्रू फिरवताना आट्यांवरून तो खरवडला जातो, दोन पावसाळ्यांत खालचं लोखंड उघडं पडतं. मग गंज फुगतो, लाकूड आतून चिरतं, आणि स्क्रू काढायला गेलं की डोकं हातात येतं.

बाकाला डोळे मिटून ३०४ घ्या. एका बाकाला स्क्रू लागतात किती? आठ-दहा फळ्या, प्रत्येक फळीला चार धरा. चाळीसेक स्क्रूंचा जादा खर्च विचार करण्याजोगा नाही. ऐन चांगलाच कठीण असतो, भोक न पाडता एसएस घालायला गेलात तर मध्येच अडकून तुटेल, कारण एसएस कडक केलेल्या लोखंडापेक्षा मऊ पडतं. भोक पाडा, साबण लावा, ड्रिल हळू चालवा.

आणखी एक. फळीच्या टोकाकडून, म्हणजे तंतूंच्या दिशेनं स्क्रू गेला तर तो धरत नाही. बाकाचा पाय आणि आडवी पट्टी जोडताना स्क्रूवर भरवसा ठेवू नका, तिथं खाच-कूस करा, म्हणजे एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवा, किंवा आरपार बोल्ट घाला. फळ्या पट्टीवर बसवायला स्क्रू ठीक.

कारवारकर:
समुद्राकाठच्या लोकांसाठी थोडी भर घालतो. आमच्याकडं ३०४ वरही खाऱ्या हवेनं तपकिरी डाग येतात. किनाऱ्यालगतच्या घराला ३१६ घ्यावा, त्यात मॉलिब्डेनम असतं. बेळगावला त्याची गरज नाही.

उद्यमबागवाला:
मी मशीन शॉपमध्ये आहे, स्क्रू आमच्याकडं बनत नाहीत पण रोज हातातून जातात. चांगला आणि वाईट स्क्रू दुकानातच कसा ओळखायचा, ते सांगतो.

स्क्रू तारेपासून होतो. तार तोडून डोकं दाबून काढतात, मग दोन साच्यांच्या मध्ये फिरवून आटे पाडतात, मग चिपबोर्ड स्क्रूचं बाहेरचं अंग भट्टीत कडक करतात आणि शेवटी झिंक चढवतात. घाईच्या मालात प्रत्येक पायरीवर काही ना काही वाचवलेलं असतं. साचा झिजलेला असला की डोक्यातली खाच उथळ येते. आटे टोकापर्यंत जात नाहीत, टोक एका बाजूला कललेलं असतं. दहा स्क्रू तळहातावर घ्या, टोकं एका रेषेत धरून बघा, सगळं दिसतं.

यातलं न दिसणारं एक आहे ते गंभीर. झिंक चढवताना हायड्रोजन लोखंडात शिरतो. कडक केलेल्या स्क्रूला त्यानंतर काही तास भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. ते टाळलं तर स्क्रू बसवताना नीट बसतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, कुणी हात लावलेला नसताना, डोकं सुटतं. मिस्त्रीला वाटतं आपण जास्त आवळला. म्हणून नवा माल घेतला की थोडे स्क्रू टाकाऊ सागवानात घट्ट बसवा आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी डोकी जागेवर असली तर बाकीचे वापरा. एखादा पक्कडीत धरून वाकवूनही बघा. लाकडात घालायचा चांगला स्क्रू थोडा वाकतो आणि मग तुटतो. न वाकता कट्कन तुटला तर भाराच्या जागी तो नको.

आणि बिटकडं, म्हणजे ड्रिलला लावायच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाकडं, लक्ष द्या, इथं सगळ्यांचे पैसे जातात. दुकानात सगळ्याला "स्टार" म्हणतात, पण खाचा दोन प्रकारच्या असतात. साध्या अधिक चिन्हाची ती फिलिप्स. अधिक चिन्हाच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेघा असतील तर ती पोझीड्राइव्ह. जिप्समच्या काळ्या स्क्रूला सहसा फिलिप्स असते, चिपबोर्ड स्क्रूला बऱ्याचदा पोझी. पोझीत फिलिप्सचं बिट घातलं की ते बसल्यासारखं वाटतं पण जोर आला की उसळून बाहेर येतं आणि खाच खाऊन टाकतं. पीएच-२ (फिलिप्सचं) आणि पीझेड-२ (पोझीचं) अशी दोन्ही बिटं घेऊन ठेवा. स्वस्त स्क्रू चांगल्या बिटानं बरा बसतो, महाग स्क्रू झिजलेल्या बिटानं खराब होतो.

अनगोळकर:
एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. सुतारमेट अण्णा, कपाटाचे नंबर सांगाल का? आणि दाराला जुन्या बिजागऱ्या अजून आहेत, त्यांचे स्क्रू गंजून बसलेत. दार न दुखवता कसे काढायचे?

सुतारमेट:
कपाटाच्या बाजूच्या प्लायमधून फळीच्या कडेत जायला ८×५०. त्यातले १९ मिमी वरच्या प्लायमध्ये आणि ३१ मिमी कडेत, हे प्रमाण चांगलं. साधारण धरून चला, निम्म्यापेक्षा जास्त लांबी, जमल्यास दोन तृतीयांश, खालच्या तुकड्यात गेली पाहिजे. प्लायच्या कडेत भोक पाडल्याशिवाय घालू नका, थर सुटतात. अंतर सहा ते आठ इंच ठेवा आणि जोडाला फेविकॉल लावाच, भार गोंद घेतो, स्क्रू तो वाळेपर्यंत आणि नंतर आधाराला. मागच्या प्लायला ६×१९. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलला चपट्या गोल डोक्याचा, १६ मिमीचा. कपाटाच्या दाराच्या ऑटो (आपोआप मिटणाऱ्या) बिजागरीलाही १६ मिमी, त्याहून लांब घेतला तर १९ मिमी प्लायच्या पलीकडं सनमायका उचलेल.

जुने स्क्रू काढताना आधी टोकदार हत्यारानं डोक्याची खाच साफ करा, रंग आणि गंज पूर्ण काढा. मग सोल्डरिंग आयर्न डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा. लोखंड तापून फुगतं, थंड झाल्यावर आकसतं आणि गंजाची पकड सुटते. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, आधी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवा, मग उलटा. जुन्या घरातले पितळी स्क्रू निघाले तर धुऊन ठेवा, पुन्हा वापरता येतात.

निघाल्यावर जुनी भोकं सैल झालेली असतील. सागवानाच्या कपच्या फेविकॉलात बुडवून भोकात गच्च भरा, एक दिवस वाळू द्या, कड तासून नवं भोक पाडा. काड्यापेटीच्या काड्या भरतात काहीजण, हलक्या कामाला ते चालेल, दाराला सागवानच भरा.

वडगावची_अक्का:
मध्येच विचारते, माफ करा. आमच्या ओट्याखालच्या ट्रॉलीची दारं पार्टिकल बोर्डाची आहेत, बिजागरीचे स्क्रू सारखे ढिले होतात. मोठा स्क्रू घातला की थोडे दिवस बरं, परत तेच. कुठला स्क्रू टिकेल?

सुतारमेट:
अक्का, आता स्क्रू बदलून भागणार नाही. बोर्डाचा भुसा झालाय, मोठा स्क्रू आणखी भुसा करतो. ८ मिमीचं भोक पाडून त्यात लाकडी गुल्ली फेविकॉल लावून ठोका, वाळू द्या, आणि गुल्लीच्या मधोमध बारीक भोक पाडून १६ मिमीचा चिपबोर्ड स्क्रू हातानं आवळा. ड्रिलनं नको. पाणी लागून बोर्ड फुगलेला असेल तर बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवून कोरड्या जागी लावा.

वडगावची_अक्का:
फुगलाय खालच्या बाजूला. वर सरकवून घेते. बरं झालं विचारलं.

जांबोटीचा:
अनगोळकर, कपाट भिंतीला धरायचं असेल तर एक बघून घ्या. भिंत विटांची आहे की जांभ्या दगडाची? आमच्या भागात निम्मी घरं जांभ्याची, आणि प्लास्टिकचा प्लग त्यात फिरत राहतो.

अनगोळकर:
मागची जुनी भिंत जांभ्याचीच आहे, मातीत बांधलेली. कपाट तिथंच लावायचंय.

सुतारमेट:
मग कपाटाचं सगळं वजन जमिनीवर येऊ द्या, भिंतीला फक्त पुढं झुकू नये एवढाच आधार. दोन दगडांच्या सांध्यात प्लग घालू नका, माती धरत नाही. दगडाच्या मध्यावर भोक पाडा, ड्रिल हॅमरवर न ठेवता साधं फिरतं ठेवा, नाहीतर जांभा कुरतडून भोक मोठं होतं. प्लग लांब घ्या आणि त्यात १० नंबरचा ७५ मिमी स्क्रू. एका प्लगवर सोडू नका. आधी सागवानाची एक आडवी पट्टी चार-पाच दगडांना धरून भिंतीला लावा आणि कपाट त्या पट्टीला ८×५० नं आवळा.